पत्त्याचे पैसे

भाचीचं लग्न ठरलं आणि इचलकरंजीहून ताईचा फोन आला. "बस्ता मुंबईत बांधायचा म्हणतीया ही."

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला १९०४ साली. आज तिथे मागांचा खडखडाट थांबला तर झोपलेली माणसं दचकून उठतात. त्या गावची माणसं कापड घ्यायला मुंबईला निघाली. देवगडच्या माणसानं हापूस घ्यायला वाशीला यावं, तसं.

'बस्ता' हा शब्द भाचीला मान्य नव्हता. "मामा, बस्ता काय? ट्रूसो म्हण." मग तिनं यादी पाठवली. हॉर्निमन सर्कल, काळा घोडा, कुलाबा, लोअर परळ, बीकेसी, वांद्रे. एकूण एकतीस दुकानं, सगळी इन्स्टाग्रामवर 'सेव्ह' केलेली. यादीत दादर नव्हतं.

मी दादरला राहतो.

असो. शनिवारी सकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं तिघं सीएसएमटीला उतरली. ताई, भाची आणि दाजी. दाजींची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढच्या दोन दिवसांत कापडाविषयी कापडाच्या भाषेत बोलणारे आमच्यात तेवढेच होते. दाजी खर्चीवाले यंत्रमागधारक. म्हणजे सूत दुसऱ्याचं, विणून झालेलं कापड दुसऱ्याचं. माग, घाम आणि विजेचं बिल यांचं. मजुरी मिळते पिकावर. पिक म्हणजे विणीतला आडवा धागा. एका पिकाला किती? त्याचा दर पैशांत ठरतो. रुपयांत नाही, पैशांत. पंचवीस पैशांचं नाणं २०११ साली चलनातून गेलं. दाजींच्या वहीतून पैसे अजून गेलेले नाहीत.

अशा माणसाला घेऊन मी मुंबईची फॅशन बघायला निघालो. चूक माझीच.

पहिला मुक्काम हॉर्निमन सर्कल. इथे एके काळी मोकळं मैदान होतं आणि त्यावर कापसाच्या गासड्या पडलेल्या असायच्या. जागेचं नावच कॉटन ग्रीन. गासड्या पुढे कुलाब्याला गेल्या, तिथून शिवडीकडे गेल्या आणि जाताना नाव सोबत घेऊन गेल्या. हार्बर लाइनवर अजून त्या नावाचं स्टेशन आहे. कापूस गेला, कापूस घालणारे आले.

कमानींखाली फ्रेंच कंपनीच्या चामड्याच्या पिशव्या. पलीकडे एका जुन्या बँकेच्या इमारतीत २०२३ पासून सब्यसाचीचं चार मजली दुकान. बँकेत लोक पैसे ठेवायला जायचे. आताही ठेवूनच येतात.

ज्यांच्या नावाचा हा चौक, ते बी. जी. हॉर्निमन 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक. सरकारविरुद्ध लिहितात म्हणून ब्रिटिशांनी १९१९ मध्ये त्यांना हद्दपार केलं. संपादकाच्या नावाच्या या चौकात संपादकाला परवडेल असं आज काय आहे?

बागेतला बाक.

ताई तिथे बसली. डबा उघडला. भाचीनं आधी इकडेतिकडे पाहिलं, मग धपाटं खाल्लं.

तिथून काळा घोडा. हे नाव मला फार आवडतं. घोड्यावर बसलेला राजा सातवा एडवर्ड, काळ्या रंगाचा पुतळा, म्हणून काळा घोडा. १९६५ मध्ये तो पुतळा तिथून हलवला आणि राणीच्या बागेत नेऊन ठेवला. घोडा गेला, राजा गेला, नाव चालू राहिलं. माल नाही, ब्रँड आहे. फॅशनची याहून नेमकी व्याख्या कुणी करून दाखवावी!

२०१७ मध्ये तिथे नवा घोडा बसवला. त्यावर स्वार नाही. आजूबाजूच्या दुकानांत डोकावून बघा. कपडे आहेत, गिऱ्हाईक नाही.

भाचीनं निवडलेल्या दुकानाचं नाव सांगत नाही. ते 'द'पासून सुरू होतं, एवढं पुरे. दुकानांवर मराठी पाट्या लावा, असं सर्वोच्च न्यायालयानं बजावून नोव्हेंबर २०२३ पर्यंतची मुदत दिली होती. या दुकानानं आदेश पाळलेला होता. पाटी देवनागरीत होती आणि तिच्यावर मराठी शब्द एकही नव्हता. न्यायालयानं लिपी सांगितली होती, भाषा कशाला शिकवेल?

दार ढकलायला गेलो तर भाची म्हणाली, "मामा, बेल वाजवायची असते."

दुकानाला बेल! लक्ष्मी आली तर तिनंही बेल वाजवायची का?

आत गारवा, कसलासा लाकडी वास आणि भरपूर रिकामी जागा. एका पितळी दांडीवर सात कपडे. मोजले मी. एवढ्या जागेत मंगलदास मार्केटमध्ये दोन दुकानं, एक फॉल-पिकोवाला आणि एक चहावाला मावतो. पण इथे माल मांडत नाहीत, अंतर मांडतात. दोन हँगरमधल्या मोकळ्या जागेचं भाडंही कुर्त्यातच धरलेलं असणार.

किंमत शोधावी लागते. हा नियमच आहे. रस्त्यावर किंमत ओरडून सांगतात, मॉलमध्ये लिहून सांगतात, इथे लपवून ठेवतात. बाहीच्या आत, शिवणीच्या मागे, करंगळीच्या नखाएवढ्या चिठ्ठीवर. दाजींनी चष्मा चढवून वाचलं, "१८५००. माल नंबर हाय व्हय हा?"

माल नंबर नव्हता.

विकणारी मुलगी चांगली होती, हे आधी सांगून टाकतो. तिशीच्या आतली, बोलायला गोड, आणि महिन्याच्या पगारात बहुधा तिलाही तो कुर्ता झेपला नसता. ती पाठ केलेलं सांगत होती. "याचा रंग नॅचरल आहे, त्यामुळे पहिल्या काही वॉशमध्ये जाईल." ताईनं माझ्याकडे बघितलं. हिंदमाताला घेतलेल्या साडीचा रंग गेला तर ताई पुढच्या गाडीनं येऊन दुकानदाराच्या गादीवर ठाण मांडते. इथे रंग जाणार हे आधी सांगतात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात.

"हे असं चुरगळतंच, लिनन आहे ना." चुरगळणं हा गुण. "ही वीण थोडी अनइव्हन दिसेल, ते कारागिराचं हस्ताक्षर आहे." दोष ही सही. दाजींच्या मालात असं हस्ताक्षर सापडलं तर व्यापारी मीटरमागे पैसे कापतो. एकच गाठ. सुताची असली तर नुकसान, गोष्टीची असली तर कला.

भिंतीवर गोधडी टांगली होती. आजीच्या जुन्या लुगड्यांची असते तीच, तेच धावदोऱ्याचे टाके. पांघरायची नाही, बघायची. किमतीकडे न बघता ताई म्हणाली, "आमच्या माळ्यावर पाच हाईत." मुलगी हसली. तिला वाटलं, ताई मोठी संग्राहक आहे.

एव्हाना दाजींनी तो कुर्ता हातात घेतला होता. कापडवाला माणूस कापड डोळ्यांनी बघत नाही. अंगठा आणि तर्जनी यांत धरतो, हलकेच चोळतो आणि नजर भलतीकडेच ठेवतो, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखी. "चाळीसचं सूत," दाजी पुटपुटले. "माल चांगला हाय." मुलगी पुढे झाली. "सर, हँडवोव्हन आहे." दाजींनी कुर्ता उलटा केला, शिवणीत दबलेला कापडाचा काठ बाहेर काढला, उजेडाकडे धरला. मग हळूच म्हणाले, जसं काही त्यांनाच अवघडल्यासारखं झालं होतं:

"पोरी, हातमागाचा काठ असा न्हाई येत. ह्यो मागावरचा हाय. आमच्याकडचाच म्हण की."

मुलगी गोंधळली. तिचा काय दोष? तिला जे सांगितलं ते ती सांगत होती. "मी टीमशी बोलून कन्फर्म करते," असं म्हणाली. कोण टीम? ज्याला कळतं तो समोर उभा होता, आणि बेल वाजवून आत आला होता.

मला वाटलं, दाजी आता भडकतील. कसलं काय! बाहेर आल्यावर छाती फुगवून म्हणाले, "पाव्हणं, आपला माल काळ्या घोड्याला आला म्हणायचा!" मी खोचकपणे विचारलं, साडेअठरा हजारांत विणणाऱ्याचे किती? त्यांनी बोटांवर हिशेब केला. कुर्त्याला तीन मीटर धरा, इंचाला इतके पिक, पिकाला इतके पैसे.

एक कटिंग चहा निघाला. फार तर दोन.

बाकीचे कुणाचे, हे विचारू नये. थोडे भाड्याचे, थोडे गारव्याचे, थोडे लाकडी वासाचे आणि बरेचसे पत्त्याचे. इचलकरंजीत कापड मीटरवर विकतात, काळ्या घोड्याला पिनकोडवर.

निघण्यापूर्वी आणखी एक गंमत झाली. मुलीचं लक्ष दाजींच्या पायांकडे गेलं. करकर वाजणारी, तेल पाजलेली कोल्हापुरी. तिचे डोळे चमकले. "सर, ही कोणत्या डिझायनरची लाइन?"

"चप्पल लाइन," दाजी म्हणाले.

कोल्हापुरात चपलांच्या दुकानांची जी रांग आहे तिला चप्पल लाइन म्हणतात, हे तिला कुठून ठाऊक असणार? तिनं ते नाव मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

आणि तिला हसायचं कारण नाही. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडानं हुबेहूब कोल्हापुरी पायताण मॉडेलच्या पायात घातलं आणि सांगताना 'चामडी सँडल' एवढंच सांगितलं. इकडे बोंब झाली, मग ही प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं कंपनीनं कबूल केलं. किंमत लाखाच्या वर असल्याच्या बातम्या आल्या. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालेलं होतं २०१९ मध्येच. मानांकन कारागिराकडे, मान मिलानकडे.

त्या बातम्यांनंतर आमच्या इमारतीतल्या तीन जणांनी कोल्हापुरी घेतली. आधी कुणी घेत नव्हतं. चावते म्हणायचे.

दुपारी मी सूत्रं हातात घेतली. क्रॉफर्ड मार्केटवरून मंगलदास. क्रॉफर्ड म्हणजे मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. १८६९ ची ही मंडई आता महात्मा जोतिबा फुल्यांच्या नावाची आहे, पण टॅक्सीवाल्याला ते नाव सांगून बघा. दारावरची शिल्पं रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांची, लॉकवुड किपलिंग यांची. खाली फळवाला एवढ्या जोरात ओरडत असतो की वर बघायची कुणाची टाप नाही.

मंगलदास हे कापडाचं जंगल. वर पत्रा, खाली गल्ल्या, आणि गल्लीत समोरून माणूस आला तर दोघांपैकी एकानं दुकानात शिरायचंच. व्यापाराचा याहून सोपा मंत्र नाही. चपला काढा, पांढऱ्या चादरीच्या गादीवर बसा. "चहा की थंड?" मग ठाण सुटतं. दुकानदार ते असं फेकतो की कापड हवेतच उलगडतं आणि तुमच्या मांडीवर येऊन थांबतं. लोखंडी गजानं सपासप मापतो, कात्रीनं काठाला एक चीर देतो आणि उरलेलं हातानं टर्रकन फाडतो. तो आवाज ऐकला की दाजींच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. गवयाला तंबोरा लागल्यावर होतं तसं.

इथे दाजी बोलायला लागले. समोरचाही बोलायला लागला. सायझिंग, काउंट, पन्हा, घट. "कुठले तुम्ही?" "इचलकरंजी." "अरे, मग बसा की!" भाव आपोआप उतरला. काळ्या घोड्याला ज्या ज्ञानामुळे पंचाईत झाली, त्याच ज्ञानाला इथे चहा मिळाला.

भाची मात्र कंटाळली होती. "मामा, इथे फोटो नीट येत नाहीत."

हो बाई, उजेड कमी आहे. कापड दिसतं, दुकान दिसत नाही.

याच काळबादेवी परिसरात १२ डिसेंबर १९३० रोजी बाबू गेनू हा गिरणी कामगार विदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि त्याच्या अंगावरून ट्रक गेला. त्याच्या नावाचा रस्ता आहे. तिथून चार पावलांवर एक पोरगा मला म्हणाला, "साहेब, इंपोर्टेड बघा, एकदम इंपोर्टेड."

पुढचं भराभर सांगतो. बॉम्बे जिमखान्यासमोर फॅशन स्ट्रीट. आमच्या कॉलेजच्या दिवसांत ट्रायल रूम नव्हती. विक्रेता जीन्सची कंबर आमच्या गळ्याभोवती गुंडाळायचा. दोन्ही टोकं मानेमागे जुळली की माप बरोबर. आश्चर्य म्हणजे बरोबर निघायचंही. आता गळा आणि कंबर यांचं ते नातं माझ्यापुरतं तरी तुटलेलं आहे.

इथे सगळाच माल 'एक्स्पोर्ट सरप्लस'. इतका सरप्लस की परदेशात गेलाय तरी काय, असा प्रश्न पडावा.

कुलाबा कॉजवे १८३८ मध्ये बेटं जोडायला बांधला. आता त्याचं नाव शहीद भगतसिंग मार्ग, आणि तिथे काळ्या झालेल्या चांदीची कर्णफुलं विकतात. ती गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून महाग होतात. दाजींना पाहून स्वस्त झाली. ताईला त्याचा राग आला, पण चार जोड घेतलेच.

रविवारी लोअर परळ. फिनिक्स मिल १९०५ ची, आता तिथे मॉल. आवारात गिरणीची चिमणी अजून उभी आहे. तिच्यातून धूर येत नाही, तिच्यासमोर सेल्फी निघतात. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतल्याचं कुणी जाहीर केलं नाही. म्हणजे हिशेबानं अजून चालूच आहे, आणि मॉलही चालू आहे.

गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे करायचे, असा १९९१ चा नियम होता. एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली. वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची, बांधकाम असलेल्या जमिनीची नाही. तीन जणांचं कापड शिंप्याकडे दिलं, दोघांना रुमाल मिळाले.

दाजी चिमणीखाली बराच वेळ उभे होते. "किती माग असतील हो इथं?" मी इकडेतिकडे बघितलं. विचारायचं कुणाला? कॉफीवाल्याला?

मॉलसंस्कृतीचा एक जुना किस्सा आठवला. १९९९ मध्ये हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स उघडलं, तेव्हा आत जायला मोबाइल नाहीतर क्रेडिट कार्ड दाखवावं लागे. नसेल तर प्रवेशासाठी पैसे भरा. लोकांनी आरडाओरडा केल्यावर ते बंद झालं. आता मोबाइल सगळ्यांकडे आहे, क्रेडिट कार्ड विकायला तर दारातच माणूस उभा असतो. अडवायला कुणी नाही. पैसे आतच भरायचे.

बीकेसी. जिओ वर्ल्ड प्लाझा, उघडला नोव्हेंबर २०२३ मध्ये. पॅरिसमध्ये जी नावं, तीच इथे. आत पिशवी लाखांत, बाहेर शेअर रिक्षाची रांग. आतून बाहेर आलेल्या एका सुगंधी बाईंनी रिक्षावाल्याशी दहा रुपयांवरून हुज्जत घातली. बरं वाटलं. मुंबई शाबूत आहे.

मग लिंकिंग रोड. इथे ताईचा अंगभूत गुण प्रकट झाला. पाटीवर लिहिलं होतं, 'एक दाम.' ताईनं विचारलं, "एक दाम म्हणजे किती कमी?" पुढची सात मिनिटं मी शेजारच्या उसाच्या रसाच्या गाडीवरून पाहिली. ताई दोनदा निघून गेली, विक्रेत्यानं दोनदा परत बोलावलं, एकदा त्यानं पाठ फिरवली तर ताईनं त्याला परत बोलावलं. शेवटी दोघांच्याही चेहऱ्यावर फसवल्याचा आनंद होता. काळ्या घोड्याला हा आनंद कितीला मिळतो?

तिथे घासाघीस करायची नसते. तिथे 'सुंदर आहे हो' म्हणून हँगर जागेवर ठेवायचा असतो.

एक गोष्ट मात्र सरकारला पक्की ठाऊक आहे. फॅशन नेमकी कुठून सुरू होते? तर २,५०० रुपयांच्या पुढे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपडा तेवढ्यापर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, एक रुपया वर गेला की १८. म्हणजे २,५०० पर्यंत अंग झाकणं, त्यापुढे मिरवणं. आमच्या लग्नकार्यातल्या साड्या यातून सुटतात. न शिवलेली वस्तू आहे ना! साडीच्या शहाणपणाबद्दल मला शंका नव्हतीच.

आणि बस्ता? तो शेवटी दादरलाच बांधला. रविवारी संध्याकाळी, सगळी यादी पायांखाली घातल्यावर, भाचीनं स्वतःच विचारलं, "मामा, तुमच्याकडे काही बरं मिळतं का?"

मी काही बोललो नाही. वय झालं की एवढं जमतं.

साडीच्या दुकानात विक्रेता पन्नाशीचा, झुपकेदार मिशांचा. त्यानं पैठणी उचलली, पँटशर्टावरच खोचली, भराभर निऱ्या घातल्या, पदर खांद्यावर टाकला, मोर पुढे येईल असा वळवला आणि आरशापुढे किंचित तिरका उभा राहिला. सगळं दीड मिनिटात. भाची बघतच राहिली. कुठल्याही मॉडेलपेक्षा ती पैठणी त्या मिशांना शोभत होती. "घेतली," भाची म्हणाली. दाजींनी काठ उलटा करून बघितला आणि मान डोलावली.

मग देण्याघेण्याच्या साड्या. हा आपल्या संस्कृतीतला सर्वांत टिकाऊ माल. त्या कुणी नेसत नाही, म्हणून त्या झिजत नाहीत. सासरहून माहेरी, माहेराहून नणंदेकडे, नणंदेकडून तिच्या जावेकडे. विसेक साड्या घेतल्या. विक्रेत्यानं न विचारताच सांगितलं, "ताई, या देण्याच्या ना? मग वरची घडी मोडू नका."

राहता राहिली पिशवी. शनिवारी काळ्या घोड्याच्या त्या दुकानातून निघताना ताई रिकाम्या हातानं निघायला तयार नव्हती. दुकानातली सर्वांत स्वस्त वस्तू कोणती? तर केसांना बांधायची चिंध्यांची गुंडाळी. कपडे बेतताना उरलेल्या कतरणींची, म्हणून 'अपसायकल्ड'. किंमत ९५०. दाजींचा जीव कासावीस झाला. पण ताईची नजर गुंडाळीवर नव्हतीच. तिच्यासोबत मिळणाऱ्या जाड खाकी कागदाच्या, सुती दोऱ्यांच्या पिशवीवर होती. वर लहानशा अक्षरांत दुकानाचं नाव आणि खाली 'काळा घोडा, मुंबई'. "विहीणबाईंचा आहेर ह्यातनं द्यायचा," ताई म्हणाली. "आत काय हाय ते कोण बघतंय?"

महिन्याभरानं इचलकरंजीत लग्न लागलं. आहेराच्या वेळी मुलाकडच्यांनी मामा म्हणून माझाही मान केला. टॉवेल, टोपी, नारळ, आणि हातात एक पिशवी दिली. जाड खाकी कागदाची, सुती दोऱ्यांची. एका कोपऱ्यावर हळदीचं बोट उमटलेलं होतं. आत एक शर्टपीस.

दाजी शेजारीच उभे होते. त्यांनी शर्टपीसचा कोपरा अंगठ्यात आणि तर्जनीत धरला, जरासा चोळला, आणि मांडवाकडे बघत म्हणाले,

"पाव्हणं, आपल्याच गल्लीतला हाय."